मोहफुलांची वेचणी व वाळवण

प्रतापगडची महाशिवरात्रीची यात्रा आटोपल्यावर थोड्याच दिवसांत गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील रानात मोह फुलू लागतो. त्याची फुले रात्री व पहाटे गळतात. फुलाची मांसल पाकळी साखरेने भरलेली असते; म्हणूनच ती लवकर आंबते. चीन व तैवानमधील उलाँग चहाचे पान काही काळ मुद्दाम कोमेजू देतात व योग्य क्षणी उष्णता देऊन पुढील क्रिया थांबवितात. त्या वेळेवरच चहाचा स्वाद ठरतो. मोहफुलास असा अवधी देता येत नाही. वेचल्याबरोबर वाळविणे, हेच त्याचा स्वाद राखण्याचे मुख्य सूत्र होय.

वेचणी सकाळीच उरकावी. झाडाखाली जुने लुगडे अथवा जाळी बांधावी, म्हणजे फुलांस माती लागत नाही. फुले स्वच्छ ताडपत्रीवर पातळ थरात पसरून उन्हात वाळवावीत, अधूनमधून परतावीत व सायंकाळी दवापासून झाकावीत. तांबूस, हलकी व सुटी झालेली फुले कोरड्या, बंद डब्यात साठवावीत; ओल लागल्यास बुरशी येते.

फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळण्याची रीत मात्र सोडावी. त्या आगीत मोहाची कोवळी रोपे करपतात. शिवाय, वणवा पसरून २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात शिरण्याचा धोका असतो. पाचोळा झाडून बाजूस करण्याचे श्रम थोडे आहेत. जळालेल्या रोपाच्या जागी नवा मोह फुलण्यास मात्र अनेक वर्षे लागतात.