व्हिडिओ मोफत, मग पैसे कुठे जातात?

मुलांना घरी व्हिडिओवरून शिकवायचं असेल, तर धड्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही. कागदपत्रंही लागत नाहीत. 'मोफत' म्हणून आधार, पॅन किंवा बँकेची माहिती मागणाऱ्यांपासून दूर राहा.

सुरुवात घरातल्या पुस्तकापासून करा. बालभारतीच्या बऱ्याच पुस्तकांत क्यूआर कोड छापलेला असतो. 'दीक्षा' हे सरकारी अ‍ॅप मोबाइलवर घ्या, कोड स्कॅन करा, त्या पाठाचं साहित्य समोर येतं. स्कॅन होत नसेल तर कोडखालची अक्षरं आणि आकडे टाइप करा. बघण्यापुरतं खातं उघडायचीही गरज नाही. पुस्तक हरवलं असेल तर ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते. गणितासाठी खान अकॅडमी बघा: शुल्क नाही, जाहिरात नाही, धडे मराठीतही आहेत.

यूट्यूबवर शोधताना इयत्तेसोबत 'महाराष्ट्र बोर्ड' आणि पाठाचं पूर्ण नाव टाका. नुसतं 'दहावी गणित' टाकलंत तर सीबीएसईचे धडेही पुढे येतात आणि मूल भलताच क्रम शिकत बसतं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलत आहेत, म्हणून व्हिडिओ कोणत्या वर्षीचा आहे ते आधी बघा.

आता खर्च. पहिला डेटाचा. ३६०पी दर्जावर तासाला साधारण ३०० एमबी जातात. १०८०पीवर तेवढ्याच वेळात दीड ते तीन जीबी. म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक तासाभरात, कदाचित त्याआधीच संपतो, आणि मग टॉप-अप मारावा लागतो. फळ्यावरचं गणित ३६०पीवरही बहुधा नीट वाचता येतं. धूसर दिसलं तर ४८०पी करा. ऑटोप्ले बंद ठेवा. शेजारी किंवा शाळेत वायफाय असेल तर दीक्षातलं साहित्य तिथे डाउनलोड करा आणि घरी इंटरनेटशिवाय बघा.

इंटरनेटच नसेल तर टीव्हीवर डीडी फ्री डिशमध्ये सरकारच्या पीएम ई-विद्या उपक्रमाच्या शैक्षणिक वाहिन्या आहेत. महिन्याचं भाडं नाही. डिश आणि सेट-टॉप बॉक्सचा एकदाच खर्च, अंदाजे दोन हजार. जोडणीचे पैसे त्यातच धरले आहेत का, हे दुकानदाराला आधी विचारा.

दुसरा खर्च जास्त धोक्याचा. एखादं खासगी अ‍ॅप 'सात दिवस मोफत' देतं, एक-दोन रुपये भरायला लावतं आणि त्याच वेळी यूपीआय ऑटोपेची मंजुरी घेतं. आठव्या दिवशी वर्षाची फी कापली जाते. पिन टाकण्याआधी पडद्यावरची रक्कम आणि 'ऑटोपे' हा शब्द दोन्ही वाचा. मंजुरी दिली गेली असेल तर यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपे विभागात जाऊन ती रद्द करा. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने ती रद्द होत नाही. ऑटो-डेबिट टाळा, असा इशारा केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना दिला होता.

मोफत चाचणीनंतर फोन येतात, 'तुमचं मूल मागे पडलंय' असं सांगतात, आणि सोपा हप्ता पुढे करतात. तो हप्ता बहुतेक वेळा कर्जाचा असतो, तुमच्या नावावर. मुलाची शिकवणी थांबली तरी हप्ता थांबत नाही. फोनवर हो म्हणू नका, ओटीपी सांगू नका, सगळं लेखी मागवा.

वेळ किती? वीस मिनिटांच्या व्हिडिओला चाळीस मिनिटं धरा. गणित पडद्यावर सुटायच्या आत व्हिडिओ थांबवायचा, वहीत सोडवायचं, मग पुढे. वही-पेन्सिल नसेल तर व्हिडिओ लावूच नका. लहान मुलं असतील तर शेजारी बसा.

पैसे कापले गेलेच तर त्याच दिवशी पडद्याचा फोटो, मेसेज आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. फसवणूक करून पैसे काढले असतील तर लगेच १९३० लावा आणि बँकेलाही कळवा.