तलाव आणि खाचर : अर्ध्या दिवसाची अभ्याससहल

प्राथमिक शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात सहलीला नेहमीच स्थान असते. परंतु सहल म्हणजे अभ्यासातून मिळालेली सुटी, अशी समजूत मुलांप्रमाणेच कित्येकदा शिक्षकांचीही असते. मुले गाडीत बसतात, गाणी म्हणतात, खाऊ खातात आणि संध्याकाळी घरी परततात; दुसऱ्या दिवशी निबंधात ‘आम्हांला फार मजा वाटली’ हे एकच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत वाचावयास मिळते. आनंद हा सहलीचा गुण आहेच. मात्र जी सहल वर्गात परत येत नाही, ती शिक्षणाच्या दृष्टीने अपुरी राहते.

ठाणे जिल्ह्यातील शिक्षकाला अभ्याससहलीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. एक तलाव आणि एक शेत एवढ्यावर अर्धा दिवस सार्थकी लागू शकतो. ही दोन स्थळे वरवर भिन्न दिसतात. तलाव पाहण्याचा, शेत राबण्याचे. परंतु दोन्ही ठिकाणी माणसाने पावसाचे पाणी मातीच्या आडोशाने अडविलेले आहे. हे एक सूत्र मुलांच्या हाती दिले की भूगोल, विज्ञान, गणित आणि भाषा हे चारही विषय त्या सूत्रात ओवता येतात.

१. सहलीचा काळ

आपल्या जिल्ह्यात सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लावणीचा हंगाम पाहण्यासारखा खरा, पण त्या दिवसांत मुलांना नावेत बसविणे योग्य नव्हे. म्हणून दिवाळीच्या सुटीनंतरचा काळ निवडावा. तेव्हा तलाव भरलेले असतात, हवा निवळलेली असते, खळ्यावर झोडणी चालू असते आणि कापणी झालेल्या खाचरांत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरला जात असतो. सकाळी साडेसातला निघून साडेबारापर्यंत शाळेत परतावे. तलावाला एक तास, शेताला दोन तास आणि उरलेला वेळ प्रवासाला, अशी वाटणी सोयीची पडते.

२. तलावाची निवड व पाठ

ठाणे शहर तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते. त्याच्या हद्दीत आजही तिसांहून अधिक तलाव आहेत. त्यांपैकी मासुंदा तलाव स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर असून त्याच्या काठी कोपिनेश्वराचे मंदिर आहे. याच ठाण्यापर्यंत १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी आगगाडी आली, ही गोष्ट मुलांना स्थानकावर उतरतानाच सांगावी. कल्याण तालुक्यातील शाळांना कल्याण शहरातील काळा तलाव जवळ पडेल. नौकाविहाराची सोय त्या दिवशी चालू आहे किंवा नाही, याची चौकशी शिक्षकाने अगोदर स्वतः जाऊन करावी.

मासुंदा तलावाच्या परिसराला लोक ‘तलावपाळी’ म्हणतात. पाठाचा आरंभ या शब्दापासूनच करावा. पाळ म्हणजे पाणी अडविणारा काठ. कानाची पाळी हा शब्द मुलांना ठाऊक असतो. त्यावरून कडा हा अर्थ त्यांच्याकडूनच वदवून घ्यावा. मग विचारावे, ‘आपल्या शेतात पाणी अडविणाऱ्या काठाला काय म्हणतात?’ शेतकऱ्यांची मुले तत्काळ ‘बांध’ असे उत्तर देतील. सहलीचे सूत्र येथेच त्यांच्या हाती येते.

नावेत बसण्यापूर्वी सर्वांना काठावर उभे करून रिकाम्या नावेच्या बाजूवर पाणी कोठवर आले आहे ते पाहावयास सांगावे. पहिली तुकडी बसल्यावर उरलेल्या मुलांनी पुन्हा पाहावे. नाव खाली गेलेली दिसेल. वस्तू तरंगते तेव्हा ती आपल्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, हा आर्किमिडीजचा सिद्धांत मुलांना येथे डोळ्यांनी पाहता येतो. याचे गणित फळ्यावर असे मांडावे : नावेचे पाण्याच्या पातळीवरील क्षेत्रफळ ४ चौरस मीटर आहे आणि प्रत्येकी २५ किलो वजनाची २० मुले तीत बसली, तर एकूण ५०० किलो भार झाला. म्हणजे ५०० लिटर पाणी बाजूस सरले आणि नाव साडेबारा सेंटीमीटर खाली गेली. आणखी १० मुले चढविली तर ती अजून सव्वासहा सेंटीमीटर खाली जाईल. मग वाऱ्याची एखादी लाटही नावेत पाणी आणावयास पुरेशी ठरते.

३. नावेसंबंधी न मोडावयाचे नियम

वरील गणित केवळ वहीपुरते नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी गुजरातेत बडोदा शहरातील हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्युमुखी पडल्या. नावेत तिच्या क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि सर्वांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. तो शहरातील तलाव होता, समुद्र नव्हता. पाणी उथळ आहे, काठ जवळ आहे, फेरी दहा मिनिटांचीच आहे, या समजुतींवर कोणीही विसंबू नये.

म्हणून पुढील गोष्टी पाळल्याच पाहिजेत. नावेची क्षमता विचारून घ्यावी आणि तिच्याहून एकही मूल अधिक बसवू नये. वेळ कमी असेल तर फेऱ्या कमी कराव्यात, नावेतील गर्दी वाढवू नये. प्रत्येक मुलाच्या व शिक्षकाच्या अंगावर जाकीट असावे आणि त्याचे बंद शिक्षकाने स्वतः ओढून पाहावेत. जाकिटे अपुरी असतील तर नौकाविहार रद्द करावा. नावेत एक शिक्षक व काठावर एक शिक्षक असावाच. चढण्यापूर्वी व उतरल्यावर मुलांची मोजदाद करावी. नावेत कोणीही उभे राहू नये आणि सर्वांनी एका बाजूस झुकू नये. पालकांची लेखी संमती व मुख्याध्यापकांची परवानगी पूर्वीच घेतलेली असावी.

नौकाविहार रद्द झाला म्हणून पाठ बुडत नाही. घमेल्यात पाणी घेऊन त्यात पातेले तरंगत ठेवावे आणि एकेक खडा टाकून पातेल्याच्या बाहेरील बाजूवर खडूने खुणा कराव्यात. सिद्धांत तोच, आणि धोका मुळीच नाही.

४. शेताची निवड व पाठ

शहरातील शाळा आपल्या मुलांना शेत दाखविण्यासाठी गावाकडे आणतात. रायगड जिल्ह्यात नेरळजवळील सगुणाबागेसारखी चालती शेती, मत्स्यतळी व पाहुण्यांची सोय एकत्र असणारी ठिकाणे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्र शासनानेही २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. परंतु शहापूर, मुरबाड किंवा भिवंडी तालुक्यातील मुलाला शेत दाखविण्यात नवे काय, असा प्रश्न ग्रामीण शिक्षकाच्या मनात येणे साहजिक आहे.

त्याचे उत्तर असे, की या मुलाने शेत पाहिलेले असते. पण आपण जे जाणतो ते ‘ज्ञान’ आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. राब का भाजतात, रोपे कोणत्या दिवशी उपटावीत, बांध कोठे फुटतो, हे त्याला उत्तम कळते. तोच मुलगा वर्गात पाठ्यपुस्तकातील वाक्य अडखळत वाचतो आणि ‘मंद’ ठरतो. शेतावरील दोन तासांत हे नाते उलटविता येते. म्हणून शेत शक्यतो एखाद्या विद्यार्थ्याच्याच घरचे निवडावे, पालकांची अनुमती घ्यावी आणि माहिती देण्याचे काम त्या मुलावर किंवा मुलीवर सोपवावे. शिक्षकाने प्रश्न विचारणाऱ्याची भूमिका घ्यावी. एरवी मागच्या रांगेत बसणारे मूल अशा प्रसंगी पुढे येऊन बोलते आणि त्या बोलण्याचा परिणाम वर्षभर त्याच्या अभ्यासावर टिकू शकतो.

याला आपल्याच भागात मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ साली सुरू केलेले ग्रामबालशिक्षा केंद्र पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तो डहाणू तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून तेथे कुरणशाळा चालविण्यात आली. मुलाचे काम जेथे, तेथे शाळा, हा तिचा विचार होता. शेतावरील पाठ हा त्याच विचाराचा लहानसा अवलंब होय.

पाठाचे मुद्दे असे घ्यावेत. प्रथम खाचराच्या बांधावर उभे राहून तलावपाळीची आठवण द्यावी. नंतर पायांनी अथवा टेपने खाचर मोजून क्षेत्रफळ काढावे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पावसाळ्यात खाचरात ५ सेंटीमीटर पाणी उभे असते असे धरले, तर एका गुंठ्यात सुमारे ५,००० लिटर पाणी साठते. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजल्यास ते ३३० हंड्यांहून अधिक भरते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. तेव्हा एकरात २ लाख लिटर. घरी पाण्यासाठी हंडा वाहणाऱ्या मुलींना या आकड्याचा अर्थ शिक्षकाहून लवकर उमगेल.

त्यानंतर पिकाकडे वळावे. बहुतेक पिकांची मुळे साचलेल्या पाण्यात गुदमरतात. भात मात्र टिकतो, कारण त्याच्या काडीत व मुळांत हवा वाहून नेणाऱ्या पोकळ्या असतात. गावतळ्यात कमळ असल्यास त्याचा देठ आडवा कापून दाखवावा. त्यातील छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात. तलावातील कमळ आणि खाचरातील भात यांनी एकाच अडचणीवर एकच तोड काढली आहे, हे पाहून मुलांना नवल वाटल्याशिवाय राहणार नाही.

खळ्यावर दाणा, पेंढा, तूस व कोंडा वेगवेगळे दाखवून प्रत्येकाचा उपयोग मुलांनी सांगावा. जुनी व नवी पद्धत यांची तुलनाही करावी. चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणाबागेत विकसित केलेल्या सगुणा राईस तंत्रात चिखलणी व लावणी न करता कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू देतात. त्यामुळे लावणीचे कष्ट वाचतात व मातीचा पोत सुधारतो. मात्र तणांसाठी तणनाशकाचा वापर करावा लागतो. कोणती पद्धत चांगली, याचा निर्णय शिक्षकाने देऊ नये. शेतकऱ्याला विचारून मुलांनी दोन्ही बाजू लिहून घ्याव्यात.

शेतावरही सावधगिरी हवी. कठडा नसलेल्या विहिरीपासून मुलांना दूर ठेवावे, मळणीयंत्राला हात लावू देऊ नये, फवारणी नुकतीच झालेल्या पिकात नेऊ नये. पेंढ्याच्या उडवीत हात घालू नये, कारण तेथे साप असण्याचा संभव असतो.

५. दोन स्थळांचा संबंध

परतल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वर्गात एक प्रश्न मांडावा : ‘खाचर बुजवून तेथे इमारत बांधली, तर त्यात उभे राहणारे पाणी कोठे जाईल?’ कल्याण-डोंबिवलीच्या भोवतालच्या गावांतील मुलांनी असे बदल डोळ्यांदेखत पाहिलेले असतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कल्याण व बदलापूर परिसरात पुराने हाहाकार उडविला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांच्या सुटकेसाठी नावा आणाव्या लागल्या. अतिवृष्टी हे पुराचे पहिले कारण होय. तथापि पाणी थोपविणारी जागा कमी झाली की तेच पाणी अधिक वेगाने नदीत उतरते, हे मुलांना घमेले व मातीच्या साहाय्याने करून दाखविता येते.

तसेच नदी व तलावांत वाढणाऱ्या जलपर्णीचा उल्लेख करावा. सांडपाण्यातून व शेतातील जादा खतांतून येणाऱ्या पोषकद्रव्यांवर ती फोफावते. म्हणजे शेताचा बांध जसा पाणी राखतो, तसा शेतकऱ्याचा विवेक तलाव राखतो.

६. खर्च

ज्या सहलीला वर्गणीअभावी दोन मुले घरी राहतात, ती सहल त्या दोघांना आपण वेगळे आहोत हाच धडा देते. खर्च झेपणारा नसेल तर गावातीलच तळे व शेत निवडून पायी जावे. वरील पाठातील फारच थोडा भाग त्यामुळे गळेल.

७. पुनरावलोकनासाठी प्रश्न

(१) पाळ, बांध, बंधारा व धरण यांत साम्य व भेद कोणता?
(२) तुमच्या खाचरात ५ सेंटीमीटर पाणी असेल तर ते किती हंडे भरेल?
(३) क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसू लागली तर नावाड्याला तुम्ही काय सांगाल?
(४) भाताची कापणी झाल्यावर वाल पाण्यावाचून कसा वाढतो?
(५) तुमच्या गावात पूर्वी असलेले कोणते तळे वा खाचर आज नाही? आजी-आजोबांना विचारून लिहा.

उत्तरे एका वहीत एकत्र करून ती शाळेत जपून ठेवावी. पाचव्या प्रश्नाची उत्तरे दरवर्षी नव्या मुलांकडून जमविल्यास गावातील पाण्याचा इतिहास आपोआप सिद्ध होत जाईल, आणि तो लिहिणारे गावचेच विद्यार्थी असतील.