आराम आणि हालचाल

प्रस्तावना
पाठीत किंवा कंबरेत कधीच चमक भरली नाही, असा माणूस विरळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. हे दुखणे चोळून, शेकून थांबते का? थांबले तर किती काळ? या पाठात आपण त्याचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• हातांनी केल्या जाणाऱ्या उपचारांचे कार्य सांगू शकाल;
• उपचार आणि व्यायाम यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• 'आराम' या शब्दाच्या अर्थच्छटा ओळखू शकाल.

मूळ पाठ
पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कोणी तेल चोळतो, कोणी शेक घेतो. काही दिवसांत दुखणे ओसरते आणि श्रेय पायाला किंवा तेलाला मिळते. वास्तविक, अचानक उद्भवलेली बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआपच कमी होते. खरा प्रश्न उभा राहतो तो दुखणे तीन महिन्यांहून अधिक रेंगाळल्यावर. चोळले की बरे वाटते. दोन दिवसांनी 'ये रे माझ्या मागल्या'!

असे का होते? मार लागलेली जागा आपण नकळत चोळतो. त्यामागील कारणाचा एक उलगडा रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडला. मज्जारज्जूमध्ये जणू एक दार असते. स्पर्शाचे व दाबाचे संदेश तेथे पोहोचले, की वेदनेच्या संदेशांसाठी ते दार काहीसे लोटले जाते. परंतु हात दूर झाला, की थोड्या वेळाने ते पुन्हा उघडते.

भौतिकोपचारतज्ज्ञ हातांनी अनेक प्रकारचे उपचार करतात. मर्दनाने आवळलेले स्नायू सैल होतात. ताण दिल्याने आखडलेले स्नायू लांबतात. ताठरलेला सांधा हळूहळू हलवण्याला सांधेचालन म्हणतात. ऑस्ट्रेलियातील जेफ्री मेटलंड यांनी या हालचालींच्या पायऱ्या ठरवून दिल्या. पहिल्या पायरीवर सांधा जेमतेम झुलवला जातो. चौथ्या पायरीवर हालचालीच्या अगदी टोकाशी लहान झोका दिला जातो. वेदना अधिक असेल तर खालच्या पायऱ्या, ताठरपणा अधिक असेल तर वरच्या, असा सर्वसाधारण संकेत आहे. सांध्यातून 'कट्' असा आवाज आला म्हणजे सरकलेला मणका जागेवर बसला, हा समज मात्र चुकीचा आहे. तो आवाज सांध्यातील द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा असतो.

हे सारे उपचार एकत्र केले तरी काम अर्धेच होते. शिवणयंत्रावर दिवसभर वाकून बसणाऱ्या एखाद्या स्त्रीचे उदाहरण घेऊ. दुखण्याच्या भीतीने ती हालचाल टाळते. न हलल्याने स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या पाठीला रोजचे काम अधिकच जड जाते. तज्ज्ञांच्या हातांनी वेदना तात्पुरती कमी होते, तेव्हा तिला हालचालीची संधी मिळते. त्याच वेळी तिने उताणे निजून, गुडघे दुमडून कंबर सावकाश उचलावी. रोज थोडे चालावे. अर्ध्या-पाऊण तासाने यंत्रावरून उठावे. आज पाच वेळा, पुढच्या आठवड्यात सात वेळा, अशी वाढ करावी. सौम्य ठणका लागला तर घाबरू नये. वेदना वाढतच गेली तर तज्ज्ञांना सांगावे. जुनाट कंबरदुखीविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही व्यायाम, रुग्णाचे प्रबोधन आणि हातांचे उपचार यांना स्थान आहे. कंबरपट्टे नेहमी वापरू नयेत, असेही त्यांत म्हटले आहे.

मात्र पायांतील शक्ती जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, ताप येणे, विनाकारण वजन घटणे किंवा पडल्यानंतर दुखू लागणे, ही लक्षणे असतील तर चोळत बसू नये. त्वरित डॉक्टरांकडे जावे.

आजाऱ्याला आपण विचारतो, "आराम पडला का?" आणि सल्लाही देतो, "आराम करा." एकाच शब्दात बरे होणे आणि निजून राहणे हे दोन्ही अर्थ सामावले आहेत. जुनाट कंबरदुखीच्या बाबतीत मात्र हे दोन आराम एकमेकांचे वैरी ठरतात. दुसऱ्याचे हात आपल्याला उठवून उभे करतील; चालायचे मात्र आपल्याच पायांनी.

शब्दार्थ
उसण – पाठीत अचानक भरणारी कळ
पायाळू – जन्मताना आधी पाय बाहेर आलेला
मर्दन – अंग चोळणे, रगडणे
जुनाट – दीर्घकाळ रेंगाळलेले

पाठगत प्रश्न
१. पायाळू माणसाच्या पायाला श्रेय का मिळते?
२. सांध्यातून येणाऱ्या आवाजाविषयी कोणता गैरसमज आहे?
३. भीती, दुबळेपणा आणि वेदना यांची साखळी तुमच्या शब्दांत मांडा.

भाषाभ्यास
'ये रे माझ्या मागल्या' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा. 'आराम पडणे' व 'आराम करणे' यांतील अर्थभेद स्पष्ट करा.

स्वाध्याय
तुमच्या कामात कंबरेवर ताण कधी येतो, याची दिवसभर नोंद ठेवा आणि तो कमी करण्याचे दोन उपाय आठ-दहा ओळींत लिहा.