समर्पण केले, तरी काळजी का?

प्रश्न : रोज पहाटे प्रार्थनेत मुलाची नोकरी, यजमानांचा मधुमेह, सगळे प्रभूच्या हाती सोपवते. पण कर्जतला लोकलमध्ये बसले, की नेरळ यायच्या आत काळजी पुन्हा डोके वर काढते. माझे समर्पण खोटे आहे का? यजमान तर म्हणतात, विश्वास असेल तर गोळ्या कशाला?
– एक भगिनी, दहिवली (कर्जत)

उत्तर : ताई, खोटे मुळीच नाही. समर्पण एकदा केले की संपले, हा समज सोडा. लूकच्या शुभवर्तमानात येशू वधस्तंभ दररोज उचलायला सांगतो. गेथशेमाने बागेत त्याने स्वतः तीच विनवणी पुन्हा पुन्हा केली. नेरळला काळजी आली, तर नेरळलाच ती मनातल्या मनात परत सोपवा. ‘सगळे तुझ्या हाती’ असे मोघम नको. ‘आजची मुलाखत’ म्हणा.

गोळ्या मात्र बंद करू देऊ नका. पंडिता रमाबाईंनी आयुष्य देवाला वाहिले, म्हणून त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला, छापखाना चालवला, हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणले. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली, तरी त्यांनी हे काम सोडले नाही.

काळजीने झोपच उडाली असेल, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा. यजमानांना वाद घालून पटवू नका. गोळी घ्यायच्या वेळी दोघे मिळून प्रार्थना करा.