जुनी डिझेल गाडी सकाळी का अडते?



ऊसतोडीचा हंगाम लागला की आपल्या बेळगाव-खानापूर भागात पहाटे पाचच्या सुमारास गल्लोगल्ली एक आवाज ऐकू येतो. सेल्फ घरघरतो, थांबतो, पुन्हा घरघरतो. शेवटी बॅटरी बसते आणि चार माणसांना अंथरुणातून उठवून धक्का मारावा लागतो. तिकडे टोळी फडात बसून राहते आणि तोडलेला ऊस वाळत पडतो. दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे जाते. तेथे बहुधा पहिला संशय बॅटरीवर आणि दुसरा पंपावर घेतला जातो.

आम्हीही याच वाटेने गेलो होतो. आमची तीस वर्षांची सहाचाकी गाडी २०१९ च्या डिसेंबरात रोज सकाळी अडू लागली. आम्ही नवी बॅटरी घेतली. पंप उतरवून दुरुस्त करून आणला. दोन्ही मिळून उसाच्या एका खेपेचे भाडे गेले, तरी गाडी अडायची ती अडतच राहिली. अखेर दोष सापडला तो टाकीजवळच्या वीतभर रबरी पाइपात. पाइपाला क्लिपखाली केसाएवढी चीर गेली होती, आणि त्या जागी डिझेलचा एक थेंबही दिसत नव्हता. थेंब का दिसला नाही, हे समजले असते तर आमचे पैसे वाचले असते. म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

डिझेलची वाट डोळ्यांपुढे आणावी. टाकीतून ते फीड पंपाकडे ओढले जाते. हा छोटा पंप मोठ्या पंपाच्या कुशीला बसवलेला असतो. (मोठ्या पंपाला आपल्याकडे सरसकट ‘मायको’ म्हणतात. ती कंपनी १९५१ साली बेंगळुरात सुरू झाली. २००८ साली तिचे नाव बॉश झाले, पण मिस्त्रींच्या तोंडी अजून मायकोच आहे.) फीड पंप डिझेल फिल्टरांतून मोठ्या पंपाकडे ढकलतो. तेथून ते बारीक लोखंडी पाइपांतून नोझलना जाते आणि उरलेले टाकीकडे परत फिरते.

म्हणजे टाकीपासून फीड पंपापर्यंत ओढ असते आणि फीड पंपाच्या पुढे दाब असतो. दाबाच्या बाजूला सांधा सैल असेल तर डिझेल बाहेर येते, धूळ धरते, काळे ओघळ दिसतात. ओढीच्या बाजूला सांधा सैल असेल तर इंजिन चालताना डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत शिरते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा घेत पाइपातले डिझेल हळूहळू टाकीत उतरते. सकाळी पंपाच्या वाट्याला नुसती हवा येते. हवा दाबली की आकसते, त्यामुळे नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. म्हणून ओल शोधत बसणाऱ्याला हा दोष सापडत नाही.

हा दोष ओळखण्याची पहिली खूण पैशाशिवाय मिळते. पुष्कळ चालक रात्री गाडी उतारावर, तोंड खाली करून उभी करतात. ती सकाळी पटकन सुरू होते आणि सगळे म्हणतात, उतारामुळे ढकलायला सोपी गेली. पण न ढकलता नुसत्या सेल्फवरही ती सुरू होते का, हे एकदा पाहावे. होत असेल तर उतारावर टाकी पंपापेक्षा वर येते व डिझेल मागे उतरत नाही, असे समजावे. टाकी भरलेली असताना गाडी सुरू होते आणि अर्ध्यावर आली की अडते, ही त्याच रोगाची दुसरी खूण. उतारावर गाडी उभी करताना चाकांना दगड लावावेत, हे वेगळे सांगायला नको. रात्रभर उतारावर ठेवल्यावर सैल सांध्याशी कधी कधी ओलही दिसते, कारण आता डिझेल आपल्याच वजनाने बाहेर येते.

दुसरी परीक्षा सकाळी सेल्फ मारण्याआधी करावी. फीड पंपावरचा हँडपंप सोडवून दाबावा. दोन-चार दाबांतच तो कडक झाला तर पाइप भरलेला आहे. वीस-पंचवीस वेळा पोकळ लागून मग कडक झाला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर रात्री डिझेल उतरले हे नक्की. काम झाल्यावर त्याची मूठ पुन्हा घट्ट फिरवून बसवावी. ती सैल राहिली तर तेथूनच हवा जाते. आम्ही स्वतः हा मूर्खपणा एकदा केला आहे.

तरी शंका राहिली तर फीड पंपाच्या येणाऱ्या तोंडाशी टाकीचा पाइप काढून तेथे स्वच्छ डिझेलचा छोटा कॅन जोडावा. कॅन पंपापेक्षा उंच ठेवून घट्ट बांधावा व एक रात्र जाऊ द्यावी. सकाळी गाडी सुरळीत सुरू झाली तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्या दरम्यान आहे, मोठ्या पंपाला हात लावू नये. मग टाकीतला ओढपाइप, रबरी तुकडे, क्लिपा, जाळीच्या भांड्याचे वायसर एकेक पाहावे. रबर बदलताना डिझेलसाठी बनवलेलाच पाइप घ्यावा. पाण्याचा पाइप डिझेलने फुगतो व आतून सोलतो. तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे घालावेत. नाइलाजाने जुनेच घालायचे झाले तर लालबुंद तापवून पाण्यात टाकावेत, म्हणजे मऊ होतात. वायसर खराब असताना पान्याला नळी लावून बोल्ट आवळणारे पुष्कळ आहेत. आटे गेले की मग फिल्टरचे डोकेच बदलावे लागते.

दाबाच्या बाजूची गळती सोपी असते. सगळे सांधे पुसून कोरडे करावेत, खडूची पूड लावावी, दहा मिनिटे इंजिन चालवावे. जेथे खडू काळवंडेल तेथे गळती. दर सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसरात्रीत दोन ते चार लिटर डिझेल मातीत जाते. एक गळती मात्र बाहेर दिसतच नाही. इंजिन ऑइलची पातळी घटण्याऐवजी वाढत असेल आणि काडीवर डिझेलचा वास येत असेल, तर पंपाच्या आतले सील गेले आहे. असे पातळ झालेले ऑइल बेअरिंगे खाते. त्या दिवशी गाडी बाहेर काढू नये.

आता प्रत्येक अडलेली गाडी हवेमुळेच अडते असे नाही. सेल्फ मंद फिरत असेल तर बॅटरीची टोके आणि अर्थिंगची तार आधी घासावी. सेल्फ जोरात फिरतो पण सायलेन्सरमधून धूरच नाही, तर डिझेल पोचत नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो पण इंजिन पेटत नाही, तर डिझेल पोचते पण जळत नाही. मग ग्लो प्लग असतील तर ते, नोझल आणि कॉम्प्रेशन पाहावे. सकाळी नीट सुरू होणारी गाडी तापल्यावर बंद केली की पुन्हा सुरू होत नसेल, तर पंप झिजल्याचा संशय घ्यावा, कारण तापलेले पातळ डिझेल झिजलेल्या भागातून निसटते. अशा वेळी पंपावर खर्च करणे योग्य. आणि चालता चालता गाडी दम टाकत असेल तर टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणाचे भोक बुजले आहे. एका सुईचे काम.

दोष काढल्यावर हवा काढावी. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हँडपंप मारावा, स्क्रू आवळावा, मग मोठ्या पंपावरच्या स्क्रूशी तसेच करावे. पुष्कळदा एवढ्याने भागते. नाही भागले तर दोन नोझलांचे नट अर्धा वेढा सैल करून सेल्फ मारावा व डिझेल येऊ लागताच आवळावेत.

याच कामात शरीराला धोका आहे. ट्रकच्या चाकात साधारण सात बार दाब असतो, तर जुन्या इंजिनाच्या नोझलच्या पाइपात दोनशे बार व त्याहून अधिक. तेथली बारीक फवार बोटाने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. ती कातडीतून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, फारशी दुखतही नाही, आणि आत बोट सडू लागते. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये. त्याच तासाला शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यात जावे आणि ‘डिझेल दाबाने आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे. उशीर झाला तर बोट कापावे लागते.

तोंडाने पाइप ओढून डिझेल काढणे ही तर आपल्याकडची जुनी खोड. घोट छातीत गेला तर फुप्फुसे सुजतात. कोणी गिळले असेल तर उलटी काढायला लावू नये, कारण उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनळीत उतरते. खोकला किंवा धाप लागली तर थेट दवाखाना गाठावा. थंडीत इंजिनाखाली पाचट पेटवणे आणि हवेच्या तोंडाशी पेट्रोलची चिंधी धरणे हेही बंद करावे. गळणाऱ्या गाडीखाली जाळ म्हणजे काय, हे लिहून सांगण्याची गरज नाही.

वर सांगितलेले नट सैल करण्याचे काम फक्त जुन्या पंपाच्या गाड्यांसाठी आहे. अलीकडच्या कॉमन रेल गाड्यांत दाब हजार बारच्या वर जातो. त्यांचा पाइप इंजिन चालू असताना किंवा नुकते बंद केलेले असताना कोणीही सोडू नये.