भाकरीची पाळी

तुला एमआयडीसीत नोकरी लागली, पहिल्याच महिन्यात रात्रपाळी आली आणि दहाव्या दिवशी तुझ्या आईचा फोन आला, "पोरगं सकाळी येऊन नुसतं पडतंय, धड जेवत नाही. तुम्हीच काहीतरी सांगा." म्हणून सांगायला बसलोय. मी काही वैद्य नाही. साखर कारखान्यात एकतीस हंगाम पाळ्या केल्या आणि उरलेल्या वेळात उसाला दारं धरली, एवढंच माझं शिक्षण.

बाळा, आपल्या भागात जेवणाची वेळ घड्याळानं कधी ठरवलीच नाही. ती ठरवली पाण्यानं. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रजांनी नीरेचा डावा कालवा काढला आणि बारामती-इंदापूरच्या बागायतदाराची झोप पाटकऱ्याच्या ताब्यात गेली. पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर दोनला उठून फावडं खांद्यावर. पुढं कारखाने झाले, त्यांच्या तीन पाळ्या आल्या. विहिरींवर मोटरी बसल्या तशी लाईटीची पाळी आली, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. सुप्या-मोरगावकडच्या जिरायती भागातले पाहुणे आले की माझे वडील म्हणायचे, "तुमचं एक बरं, पाणीच नाही म्हणून झोप तरी आहे." पाहुण्यांना ते फारसं रुचायचं नाही.

तर तुझी रात्रपाळी ही घरातली चौथ्या पिढीची रात्रपाळी समज. माझ्या वडिलांनी मला कामावर लागताना एकच गोष्ट बजावली होती. पाळी कुणाचीही असो, पाटकऱ्याची, कारखान्याची नाहीतर लाईटीची, रातची भाकरी दिवेलागणीलाच खायची. ती पाळी आपली. रात्री बाराला दारं धरायला जायचं असलं तरी ते साडेसातच्या आत जेवून, तासभर आडवे होऊन मग निघायचे. जाताना फडक्यात गुळाचा खडा आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. रात्रभर तेवढ्यावर. पहाटे परत आले की ताक-भाकरी.

यात वडिलांचं शहाणपण किती आणि रॉकेलची टंचाई किती, हे मला आजही ठरवता येत नाही. कंदिलाचं तेल वाचावं म्हणून अख्खं गाव लवकर जेवायचं. लोक आता 'आपले पूर्वज किती शास्त्रीय होते' म्हणून माना डोलावतात. पूर्वज गरीब होते. पण गरिबीनं लावलेली ती सवय अंगाला मानवली, हे खरं. आपल्याकडच्या जैन घरांमध्ये सूर्यास्ताआधी जेवायचा नेम धर्मानं आला. आपला तेलानं आला. जेवायची वेळ दोघांची साधारण एकच.

आता डॉक्टरही तेच सांगतात. शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. ते पेशींच्या आत कसं चालतं हे शोधणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. तेच जेवण सकाळी केलं तर रक्तातली साखर कमी चढते, रात्री उशिरा केलं तर जास्त चढते, कारण त्या वेळी शरीर झोपायच्या तयारीत असतं. तू मशीनसमोर जागा असशील, तुझं पोट मात्र पेंगत असतं. आणि भरल्या पोटी लगेच आडवं झालं की आंबट घशाशी येतं, ते वेगळंच. पोटभर जेवण आणि अंथरूण यात दोन-तीन तास गेलेच पाहिजेत.

मी तरुणपणी वडिलांचं ऐकलं नाही. रात्री दोनला कँटीनमध्ये गरम भजी निघायची. बाहेर जानेवारीची थंडी, आत रसाचा वास, चार मित्र. एक प्लेट, मग दुसरी, वर दोन कप चहा. तीन हंगामांत पित्तानं असा धरला की रोज पहाटे मोरीपाशी बसून असायचो. भज्यांचा दोष नव्हता. तीच भजी दुपारी चारला खाल्ली तर आजही पचतात.

म्हणून तू असं कर. कामावर निघण्याआधी, सात-साडेसातला, नीट जेव. भाकरी किंवा चपाती, आमटी, भाजी, थोडा भात, बसून. डबा घेऊन जातोस तो मध्यरात्री चारी ठाव जेवायला म्हणून नको. डब्यात फुटाणे, शेंगदाणे, एखादं केळ, उकडलेलं अंडं चालत असेल तर अंडं. भूक लागली तर एकच्या आत खा. तीननंतर चहा बंद, नाहीतर सकाळी झोप येणार नाही आणि आई पुन्हा मला फोन करील. सुटल्यावर चौकात मिसळ आणि वडापाव बोलावतात, मला ठाऊक आहे. आठवड्यातून एकदा जा, रोज नको. घरी येऊन हलकं काहीतरी, दूध-भाकरी, उपमा, मऊ भात, पण खाऊनच झोप. रिकाम्या पोटी झोपलास की अकराला पोट उठवतं आणि मग झोपही गेली, जेवणही गेलं. उठल्यावर दुपारचं जेवण पोटभर. सुट्टीच्या दिवशीही रात्रीची वेळ तीच ठेव. पोटाला दर आठवड्याला नवीन गाव दाखवू नकोस.

एक मात्र लक्षात ठेव. तुझ्या काकांसारखं कुणी साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असेल, तर माझ्या सांगण्यावरून त्यानं वेळा बदलायच्या नाहीत. ते त्याच्या डॉक्टरनं ठरवायचं. औषध पोटात आणि जेवण नाही, असं झालं तर माणूस चक्कर येऊन पडतो. आपल्या शेजारी घडलंय.

दिवसपाळीवाल्याचं सोपं आहे. नुसता चहा पिऊन दहापर्यंत ताणायचं नाही. सकाळी आठच्या सुमाराला न्याहारी. रातची भाकरी उरली असेल तर दह्यात कुस्करून, वर कांदा. दुपारी बारा ते एकमध्ये दिवसाचं मोठं जेवण. ऊसतोडीच्या टोळ्या बघ. पहाटेच्या अंधारात फडात उतरतात, ऊन चढायच्या आत बरंचसं तोडून टाकतात आणि बांधावर बसून पोटभर भाकरी खातात. तिथं कुणी आहारतज्ज्ञ नसतो. बैलाला वैरण कधी टाकायची हे ज्याला कळतं, त्याला स्वतःचंही कळतं.

भिगवणला मासे खायला तुम्ही पोरं रात्री दहाला गाडी काढता. उजनीची चिलापी कुठं पळून जात नाही. दुपारी जा, आणि वाटलं तर पाणथळीवरचे पक्षीही बघा.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरात वेगळीच भानगड. तुझे काका डॉ. दीक्षितांच्या आहारपद्धतीचे, काकू आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांच्या. एकाचं म्हणणं दिवसातून दोनदाच, तेही पंचावन्न मिनिटांत आटपायचं, मूळ कल्पना डॉ. जिचकारांची. दुसरीचं म्हणणं थोडं थोडं, वेळेवर, घरचं. दोघं एका टेबलावर बसून भांडायचे. मी पाहिलं ते असं की काका दुपारपर्यंत दीक्षित पाळायचे आणि संध्याकाळी टीव्हीसमोर शेव-फरसाणाची बशी घेऊन दिवेकरांकडे यायचे. दोन्ही गुरूंची बदनामी. कुणाचंही एकाचंच ऐक, पण पुरं ऐक.

वारीचंही सांगून टाकतो, कारण पुढच्या आषाढात तू येणार म्हणतोस. तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली की काटेवाडी, सणसर, मग बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर. या सगळ्या वाटेवर दर शंभर पावलांवर कुणीतरी हात जोडून उभं असतं. केळी, चहा, शिरा, भजी, पिठलं-भाकरी. नाही म्हणवत नाही. पहिल्या वर्षी मी काटेवाडीत मेंढ्यांचं रिंगण बघेपर्यंत सात ठिकाणी खाल्लं होतं आणि सणसरच्या मुक्कामी माझं जे झालं ते विठ्ठलालाच ठाऊक. दिंडीतल्या जुन्या माळकऱ्यानं तेव्हा सांगितलं, प्रसाद हातात घे, कपाळाला लाव, पिशवीत टाक, आणि दिंडीची पंगत बसेल तेव्हाच जेव. पिशवीतलं संध्याकाळी वाटून टाकायचं. एकादशीलाही तेच धोरण. नाहीतर उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, बटाटा आणि शेंगदाण्याचा लाडू. आपल्या लोकांनी 'एकादशी आणि दुप्पट खाशी' उगाच म्हटलेलं नाही.

आता जे सांगतोय ते वडिलांनी सांगितलेलं नाही. ते मला फार उशिरा कळलं.

पित्तानंतर मी माझ्या जेवणाची वेळ जमेल तशी सांभाळली. तुझ्या आजीची वेळ कुणी सांभाळली? मी चारला सुटून आलो तर ती चारला जेवणार. मी रात्री बाराला आलो तर चूल पुन्हा पेटवून मला गरम भाकरी, आणि मग ती. तेही तव्यातली शेवटची, करपलेली, तळाशी उरलेल्या कालवणाबरोबर. घरातले सगळे लवकर जेवायचे ही आपली परंपरा, पण त्या परंपरेत बायका कधी जेवायच्या हे कुणी विचारलं नाही. पन्नाशीत तिला पायऱ्या चढताना दम लागू लागला. तपासलं तर रक्त कमी. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "तुम्ही किती वाजता जेवता?" ती माझ्याकडे बघायला लागली. उत्तर माझ्याजवळही नव्हतं.

त्या दिवसापासून घरात ठरलं. साडेसातला सगळ्यांची ताटं एकदम. भाकरी आधी करून ठेवायच्या, टोपल्यात, फडक्यात गुंडाळून. जो वेळेवर नाही त्याचं झाकून. तुझं लग्न होईल तेव्हा हे पहिल्या दिवसापासून कर, तीस वर्षं लावू नकोस. आणि आत्ता तुझी आई सकाळी तुझ्यासाठी न्याहारीला थांबते का, ते आधी बघ.

परवा इंदापूरला लग्नाला गेलो होतो. यायला नऊ वाजले. आजी जेवून, भांडी घासून टीव्हीपुढं बसलेली. मान न वळवताच म्हणाली, "ताट झाकलंय." भाकरी गार होती, ठेचा होता, वाटीत वरण. तापवून दे म्हणणार होतो. मग गारच खाल्ली, आणि अकरापर्यंत अंगणात येरझाऱ्या घालत राहिलो.