पानकाप्या माशीच्या घरट्यातील परोपजीवी गांधीलमाशी

लसूणघासाचे बी धरणे हे मुख्यत्वे फुलावर येणाऱ्या माशीवर अवलंबून असते. या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर यांचा दांडा खालच्या पाकळ्यांत ताणून धरलेला असतो. माशी बसली म्हणजे तो सुटून वर उसळतो व परागसिंचन घडते. पोळ्यातील मधमाशीस हा तडाखा रुचत नाही. ती लवकरच बाजूने सोंड घालून मध तेवढा चोरण्यास शिकते. म्हणून अमेरिकेच्या पश्चिम भागातील बिजोत्पादक १९६० च्या सुमारापासून मेगाकाईल रोटुंडाटा ही पानकापी माशी, फळ्यांना भोके पाडून, शेतात पाळू लागले.

या माशीस राणी नाही की पोळे नाही. प्रत्येक मादी भोकात पानांचे तुकडे गुंडाळून कोठडी करते, तीत पराग व मध यांचा लगदा भरते, त्यावर एक अंडे घालते आणि पानांच्या गोल चकत्यांनी तोंड बंद करते.

नेमक्या याच वेळी सॅपायगा पुमिला ही सडपातळ काळी गांधीलमाशी तेथे येते. बंद केलेल्या कोठडीच्या चकत्यांतून ती आपले अंडे आत सोडते. त्यातून निघालेल्या अळीचे जबडे विळ्यासारखे असतात. ती प्रथम यजमान माशीचे अंडे फोडते. दुसरी सॅपायगाची अळी असल्यास तिलाही मारते. आणि मग परक्या कष्टाने साठविलेला सर्व लगदा खाऊन तेथेच कोश विणते. बाहेरून पाहणाऱ्यास घरटे अगदी धडधाकट दिसते. नुकसान कळते ते पुढील हंगामात, माश्या कमी निघाल्यावर.

रानात माश्यांची घरटी विखुरलेली असतात, तेथे या कीटकाचा उपद्रव फारसा जाणवत नाही. हजारो घरटी एकाच मांडवात आणून ठेवली की त्यास आयते कोठार लाभते. दोष त्या कीटकाचा म्हणण्यापेक्षा आपल्या मांडणीचा आहे, असे आम्हांस वाटते.

औषध फवारावे तर पाळलेल्या माश्याही मरतात. यावर युटा राज्यातील लोगन येथील माशी-संशोधक फिलिप टॉर्चिओ यांनी १९७० च्या दशकात या गांधीलमाशीच्या सवयींचा अभ्यास केला. ती रात्री अरुंद भोकांत घोळक्याने आसरा घेते. पानकापी माशी शिरू शकणार नाही इतकी लहान भोके असलेले सापळे घरट्यांजवळ ठेवले असता गांधीलमाश्या तेवढ्या सापडतात.

आपल्याकडे तुरीच्या फुलांवर पानकाप्या माश्या नित्य येतात. गुलाबाच्या पानांच्या कडा गोलाकार कापलेल्या दिसल्या तर ते त्यांचे काम समजावे व फवारणी करू नये. पाने त्या खात नाहीत. ग्रामसेवकांना त्यांच्यासाठी बांधावर पोकळ बांबूचे तुकडे बांधावयाचे असल्यास एकच मोठी मोळी न करता लहान लहान जुड्या दूर दूर बांधाव्यात. नळ्यांचे मागील तोंड पेराच्या गाठीने बंद असावे, आणि जुड्यांवर पाऊस पडणार नाही असा आडोसा असावा.